राजे आणि चिमटी

मावशीला ‘चिमटी’ हे नाव तिच्या नवऱ्यानेच ठेवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरी त्याचे चार मित्र आले होते आणि मावशी चहात साखर घालत होती, चमच्याने नाही, तीन बोटांच्या चिमटीने. “ही बघा आमची चिमटी!” असं तो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. शेजारणी म्हणायच्या, वाणी म्हणायचा, पुढे पुढे तर नातेवाइकांतली लहान पोरंही म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं ऐकू येत नाही असं थोडंच असतं?

तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, मात्र सगळे ‘राजे’ म्हणायचे. तेही तोंडावर.

काका बसच्या कारखान्यात मेकॅनिक होते. उंच, हसरे, खिशात हात घालायला कधी न कचरणारे. कुणाच्या घरी आजारपण आलं, राजे हजर. कुणाला बढती मिळाली, पार्टी राजेंकडून. पगार झाला की निम्मा ते मावशीच्या हातावर ठेवायचे आणि निम्मा खिशात. खिशातल्यावर जग खूश होतं. हातावरच्यात घर चालायचं, आणि कमी पडेल तिथे मावशीचा स्वतःचा पगार. ती अर्धा दिवस इस्पितळाच्या धुलाईखान्यात फाटक्या चादरी आणि पडदे शिवायला जायची. तो पगार कुठे जातो हे कुणी कधी विचारलं नाही. घरात आला की तो नाहीसाच व्हायचा.

शिकायला म्हणून मी काही वर्षं त्यांच्याकडे राहिले. घर म्हणजे दोन खोल्या, एक अरुंद बाल्कनी आणि एक मोरी. त्या घरात काही म्हणजे काही वाया जायचं नाही. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात भरून तोंड बांधलं की त्याच मोज्याने भांडी घासायची. कपडे धुतलेलं शेवटचं पाणी बादलीत धरायचं, त्याने फरशी पुसायची, आणि उरलेलं संडासात. कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालायचं, म्हणजे गॅस कमी लागतो. शिजायला थोडं उरलं की आच बंद करून भांडं जुन्या रजईत गुंडाळून ठेवायचं, आपल्याच वाफेवर ते शिजतं. शर्टाची कॉलर झिजली की उसवायची, उलटी करायची, पुन्हा शिवायची, म्हणजे शर्ट आणखी दोन वर्षं नवा. बाजारात जायचं ते दुकानं आवरायच्या वेळेला, आणि पोटभर जेवून. “भुकेल्या पोटी बाजारात गेलं की डोळे खरेदी करतात,” ती म्हणायची.

हे सगळं ती कुरकुर न करता करायची, आणि खरं सांगायचं तर जरा ऐटीतच. टूथपेस्टची नळी कात्रीने चिरून आतलं खरवडताना तिच्या चेहऱ्यावर एखादी शर्यत जिंकल्यासारखं हसू असायचं.

त्यांची एकुलती एक लेक, माझी ताई, हिला यातलं काहीच आवडायचं नाही. तिला बाबा आवडायचे. बाबा फुगे आणायचे, आइस्क्रीम आणायचे, सहलीचे पैसे न विचारता द्यायचे. आई दप्तर शिवून द्यायची. शिवलेलं दप्तर कुणाला आवडतं?

एका हिवाळ्यात मावशीने दोन जुने स्वेटर उसवले. लोकर धुतली, वळ्या जाव्यात म्हणून लडीला वजन टांगून वाळवली आणि रोज संध्याकाळी बसून त्यातून एक नवा स्वेटर विणला. करडा, बाह्यांवर निळी पट्टी. काकांसाठीच होता तो. काकांनी तो चार दिवस घातला. पाचव्या दिवशी नुसत्या शर्टावर कुडकुडत घरी आले.

“स्वेटर कुठाय?” मावशीने विचारलं.

“अगं, गेटवरचा म्हातारा रखवालदार थंडीने नुसता लटपटत होता. बघवेना. काढला आणि दिला.” मग माझ्याकडे बघून हसत म्हणाले, “वस्तू काय, येतात जातात. माणूस महत्त्वाचा.”

पुढल्या आठवड्यात आम्ही दोघी कारखान्यावरून जात होतो तर रखवालदाराने हाक मारली. अंगात तो करडा स्वेटर. “वहिनी, राजेंचं काळीज म्हणजे समुद्र हो! असा माणूस बघितला नाही.”

“ऊब आहे ना?” मावशीने विचारलं.

“भरपूर!”

“काखेत उसवला तर आणून द्या. तिथे लोकर जुनी आहे.”

घराजवळ आल्यावर मावशी एवढंच म्हणाली, “हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा पुण्यवान ठरतो. हलवायाला कोण विचारतं?”

वर्षं गेली. ताईचं लग्न झालं, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. मीही नोकरीला लागले, वेगळी खोली घेतली. रविवारी मात्र मावशीकडे जायची. मग काका निवृत्त झाले. कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये समारंभ झाला. खुर्च्या, ध्वनिक्षेपक, केक, फुलांचे गुच्छ. एकेक जण उठून राजेंचे उपकार सांगत होता. कुणाची फी भरली, कुणाला चप्पल घेऊन दिली, कुणाला रोज दुपारचा चहा पाजला. मावशी पहिल्या रांगेत बसली होती, इस्त्री केलेल्या जुन्या कपड्यांत.

शेवटी काका बोलायला उठले. माणसांना हसवणं त्यांना छान जमायचं. म्हणाले, “दोस्तहो, मी तर निवृत्त झालो. पण आमच्या घरी साबणाला निवृत्ती नाही! तो मेला तरी मोज्यात घालून कामाला लावतात!” शेड हसण्याने दणाणली. “आमच्याकडे चोर आला होता. अर्धा तास शोधून बिचारा स्वतःच्या खिशातले पैसे ठेवून गेला!” लोक मांड्यांवर थापा मारत होते. “सांगायचं एवढंच, की अशा घरात राहूनसुद्धा मी हात सैल ठेवला. सोपं नव्हतं!”

टाळ्याच टाळ्या. ताई हसून हसून डोळे पुसत होती. मी मावशीकडे बघितलं. ती लोकांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. ती ताईकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मावशीने हात सैल सोडला. भांडण नाही, अबोला नाही, कुणाला काही सांगणं नाही. नुसतं करायचं थांबवलं. चिपा कचऱ्यात जाऊ लागल्या. न भिजवलेलं कडधान्य थेट गॅसवर चढलं आणि तासभर रटरटलं. दिवे जळत राहिले, पाणी वाहत राहिलं. बाजार सकाळच्या ताज्या भावाने, आणि तोही पिशव्या भरून. चहात साखर चमच्याने, आणि चमचा शीग लावून.

काका भलतेच खूश. मला म्हणाले, “बघ, तुझी मावशी सुधारली! आता कसं घर घरासारखं वाटतंय.”

महिना अर्ध्यावर आला आणि गॅस संपला. मग साखर संपली, तेल संपलं. एका रविवारी मी तिथेच होते. काका तीन मित्रांना घेऊन आले, दारातूनच ओरडले, “फक्कड चहा टाक गं!”

“चहापत्ती नाही,” मावशी म्हणाली.

“मग आणव.”

“पैसे नाहीत.”

मित्र चुळबुळले आणि काहीतरी कारण काढून निघून गेले. दार लागल्यावर काका कडाडले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

“एवढ्यात कसं संपलं? चार माणसांत शोभा केलीस माझी! तेवढेच पैसे देतो ना मी? इतकी वर्षं पुरलं ते आता कसं पुरत नाही?”

“पुरलं नाही,” मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी पुरवलं. आणि पुरवता पुरवता मीच पुरली गेले त्यात.”

मला वाटलं, आता तरी यांना कळेल. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “वय झालं की बायकांचं डोकं फिरतं म्हणतात ते खोटं नाही.” चप्पल घातली आणि गेले.

पुढच्या पंधरा दिवसांत गावभर झालं: राजेंचं पेन्शन बायको उधळते. जन्मभर जिला चिमटी म्हणाले तिलाच आता लोक उधळी म्हणू लागले, आणि दोन्ही वेळेला कीव राजेंचीच आली. ताई तावातावाने घरी आली. मी भाजी निवडत होते.

“आई, बाबांनी आयुष्यभर घाम गाळून कमावलं. आता त्यांच्या म्हातारपणी तू चैन करतेस? जनाची नाही तर मनाची तरी बाळग!”

मावशीने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, “तुझ्या शिक्षणाचा शेवटच्या वर्षाचा खर्च कुणी केला?”

“बाबांनी. आणखी कुणी?”

“बरं,” मावशी म्हणाली. “पाणी पी.”

तो खर्च मावशीच्या शिवणाच्या पगारातून झाला होता हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं तसा मावशीने टेबलाखालून माझा हात घट्ट दाबला.

ताई गेल्यावर मी चिडले. “सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय होईल? ती मला मानेल, पण बाप तिच्या मनातून उतरेल. म्हणजे तिच्याकडे धड काहीच उरणार नाही.” मग ताईचा पेला उचलत म्हणाली, “आणि खरं म्हणजे, ती मानणारही नाही.”

तोपर्यंत काकांच्या छातीत दुखू लागलं होतं. वर्षाच्या आत त्यांनी अंथरूण धरलं. औषधं महाग होती. मावशी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजा बांधू लागली, कडधान्य भिजवू लागली, दुकानं आवरायच्या वेळी बाजारात जाऊ लागली. प्रेमाने की सवयीने, मी विचारलं नाही. मित्र पहिला आठवडा फळं घेऊन आले. मग फोन करू लागले. मग फोनही बंद.

काकांच्या खाली धुलाईखान्याच्या पद्धतीची चादर होती: मधोमध विरली की उभी फाडायची, कडेच्या चांगल्या बाजू मध्ये आणून जोडायच्या. काका कण्हत म्हणाले, “ही शिवण टोचते गं पाठीला.” मावशीने त्या आठवड्यात स्वतःचा चष्मा बदलायचा राहू दिला आणि अखंड, मऊ, नवी चादर आणली. संध्याकाळी ताई भेटायला आली. काकांनी चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “तू आणलीस ना? मला वाटलंच. या घरात दुसरं कोण आणणार!”

ताई हसली. ‘नाही’ म्हणाली नाही. मावशी औषध चमच्यात ओतत होती, तिने एक थेंबही सांडू दिला नाही.

काका गेले. शोकसभेला शेड पुन्हा भरली, पुन्हा तेच किस्से. मग कामगारांनी ठरवलं, कारखान्याच्या गेटबाहेर राजेंच्या नावाचा एक दगडी बाक बसवायचा, ‘दिलदार मित्राच्या स्मरणार्थ’ असं कोरून. वर्गणी काढली. दोघं जण मावशीकडे आले. मी दार उघडलं.

“वहिनी, सुरुवात तुमच्यापासून करावी म्हटलं.”

मावशी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, “मी देणार नाही.”

“थोडे दिले तरी चालतील. मान म्हणून.”

“थोडेही नाही. माझे देऊन झालेत.”

ते जिना उतरत असताना एक जण म्हणाला ते आम्हा दोघींना नीट ऐकू आलं: “राजेंच्या नावालासुद्धा दमडी सुटत नाही! कसे दिवस काढले असतील त्या माणसाने.”

बाक बसला. ताईने वर्गणी दिली, तिचं नाव दात्यांच्या पहिल्या ओळीत आहे. मावशी त्या रस्त्याने जात नाही. म्हणते, पलीकडचा रस्ता बाजाराला जवळ पडतो. पडत नाही.

आता ती एकटीच आहे आणि काकांच्या मागे मिळणारं निम्मं पेन्शन तिला पुरून उरतं. परवा मी गेले तर ती टपालाची वापरलेली पाकिटं उकलून, आतल्या कोऱ्या बाजू वर करून पुन्हा चिकटवत होती. मी वैतागून म्हटलं, “मावशी, आता कुणासाठी वाचवतेस? जरा खर्च कर की स्वतःवर. काय हवं ते सांग, आत्ता जाऊन आणू.”

तिने हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि खरोखर विचार केला. मी वाट बघत राहिले.

“आठवत नाही गं,” ती म्हणाली.