माझ्यानंतरचा तास

हॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी हीटिंग बंद आहे, कुणाची तरी पाण्याची बाटली राहिलीय, असलेच मेसेज येतात. म्हणून त्या गुरुवारी मी फोन बघितलाच नाही. फार्मसीतल्या कामावरून घरी आल्यावर वाचलं : रूबेनकाका गेले, झोपेतच. ज्यू लोकांत दफनाला फार वेळ थांबत नाहीत, मी वाचेपर्यंत दफनही झालं होतं. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर पहिला विचार वेगळाच आला... आता ते मला कधीच विचारणार नाहीत. गेली पाच वर्षं मी त्यांच्या एका प्रश्नाची वाट बघत होते.

रूबेन नवगावकर मुंबईचे मराठी ज्यू. तरुणपणी इकडे लंडनला आले, एजवेअरला घर केलं, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी ज्युदो शिकवणं असं आयुष्य काढलं. हॅरोतल्या आमच्या चर्च हॉलमध्ये मंगळवारी सहा ते सात माझा कराटेचा वर्ग, सात ते आठ त्यांचा. मी नाशिकला ज्या सरांकडे शिकले त्यांच्या हातात छडी असायची. छडी मी आणली नाही, पण बाकी सगळं आणलं : सरळ ओळी, जपानी आकडे, एकच पंच शंभर वेळा आणि मध्ये बोलायचं नाही. माझा तास संपला की मी लगेच गाडीत. जाता जाता काकांचा वर्ग दिसायचा तो एवढाच, की मुलं चटयांवर घोळका करून बसलीयत आणि काका मांडी घालून त्यांच्यात हसतायत. कधी काही न्यायला परत आले तर दिसायचं, एखादी मुलगी चुकीचा पाय टाकून आपटली तरी ते ‘असं नाही, असं’ म्हणायचे नाहीत. ‘काय झालं, तुला काय वाटतं?’ म्हणून तिलाच विचारायचे. मला हे शिकवणं वाटायचंच नाही, वेळ काढणं वाटायचं. एकदा मी त्यांना ज्युदोच्या सर्टिफिकेटबद्दल विचारलं तर म्हणाले, “असेल गं कुठंतरी.” त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यात ते वीस मिनिटं आधी येऊन दारात उभे राहायचे, माझा वर्ग बघत. “काका, आत बसा ना,” मी म्हणायचे. “नको, मला इथून सगळी दिसतात.” हे उत्तर मला आवडायचं नाही. मग माझ्या दोन ग्रीन बेल्ट मुली त्यांच्याकडे गेल्या आणि माझी खात्री झाली, की हा माणूस दारातून माझी मुलं हेरतोय.

माझी सई तेव्हा पंधरा वर्षांची. जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, अभ्यास आहे म्हणून तिनं कराटे सोडलं. पुढं एका मंगळवारी मी किल्ल्या विसरले म्हणून हॉलवर परत गेले, तर सई काकांच्या चटईवर. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

“तुम्ही माझ्या मुलीला माझ्या मागे बोलावलंत?”

काकांनी बाकीच्यांना पाणी प्यायला पाठवलं. “मी नाही बोलावलं, ती आली. तुला सांग म्हणून मी तिला तीनदा म्हटलंय.”

“काय सांग?”

“ते तिलाच सांगू दे.”

सईनं गाडीत, तिच्या इथल्या मोडक्या मराठीत, सांगितलं. “माझा मनगट दुखत होता, आई. ग्रेडिंगच्या परीक्षेपासून.” दोन महिने ती तसेच पंच मारत होती. ती हात चोरतेय हे काकांनी दारातून ओळखलं होतं. मी हे सगळं ऐकलं, पण धरून ठेवलं एवढंच, की माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीची एक गोष्ट सत्तरी उलटलेल्या एका माणसाला माहीत होती आणि मला नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी हॉलच्या कमिटीला तक्रार लिहिली. तीन आठवडे त्यांचा वर्ग बंद राहिला. सगळ्या पालकांना विचारून झालं. काही निघालं नाही. काका परत आले तेव्हा निम्मी मुलं उरली होती.

तक्रार कुणाची ते कमिटीनं सांगितलं नव्हतं. काका भेटले की पूर्वीसारखेच, “काय गं, बरी आहेस ना?” त्या पाच शब्दांत मी काय काय शोधलं! यांना कळलंय? की नाही? कळलं असेल तर ‘तक्रार तूच केलीस ना?’ म्हणून विचारत का नाहीत? त्यांच्या चांगुलपणाचाही मला संशय यायला लागला होता.

दफनानंतरचा आठवडा घरचे लोक शोकाला बसतात. त्यात मी एजवेअरला गेले. त्यांची मुलगी एस्तर इथंच वाढलेली, मराठी मोडकं. दारातच म्हणाली, “तू मुग्धा ना? डॅडची कम्प्लेंट लेडी!”

“त्यांना माहीत होतं?”

“फर्स्ट डेपासून. पण रागावला नाही कधी. म्हणायचा, आई आहे, तिनं डाउट घेतलाच पाहिजे. नाहीतर मीच तिच्यावर डाउट घेतला असता.”

मी तिथं तासभर बसले, पण विश्वास बसला नाही. शोकाच्या घरात लोक गोड बोलतात... गाडीत येऊन लीड्सला कॉलेजात असलेल्या सईला फोन लावला आणि एस्तरचं बोलणं सांगितलं.

“हो, मला पण म्हणाले होते,” सई म्हणाली. “तुझी आई कम्प्लेंट करेल, तिच्यावर चिडू नको.”

“आणि हाताचं मला का नाही सांगितलंस तेव्हा?”

“तू विचारला नाही, आई. ते विचारायचे.”

पुढच्या मंगळवारी माझा तास संपल्यावर मी घरी गेले नाही, कडेला खुर्ची घेऊन बसले. काकांचे लोक आले, लहान-मोठे मिळून नऊ जण. कुणी न सांगता चटया पसरल्या. या नऊ जणांखेरीज ब्राऊन बेल्टवाली एक उंच बाई शिकवायला पुढं उभी राहिली. जोड्या लागल्या, सगळे एकमेकांना वाकले, आणि हात धरायच्या आधी प्रत्येकानं समोरच्याला हळूच विचारलं, “एनिथिंग हर्टिंग?” विचारून उत्तरासाठी थांबलेही. एका चिमुरडीनं कोपर दाखवलं, तर तिच्या जोडीदारानं बाजू बदलली. इतकी वर्षं मी या वर्गावर संशय घेतला होता, आणि तो सुरू कसा होतो ते एकदाही बघितलं नव्हतं.

नऊ जणांत एक उरतोच. पिकल्या केसांची, शाळेत मुलांना जेवण वाढणारी एक बाई माझ्या खुर्चीपाशी आली. मी कराटेच्या कपड्यांतच होते. तिच्यामागून चटईवर गेले. ती वाकली, मीही वाकले, आणि तिनं विचारलं.

‘नथिंग’ अगदी ओठांवर आलं होतं. ती थांबून राहिली होती.

“राइट नी,” उजव्या गुडघ्यावर हात ठेवत मी म्हटलं. “फोर इयर्स.”

“ओके लव्ह,” ती म्हणाली, आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.