मिससाहेबांची जीप आणि रिबकामावशी

रिबकामावशी कुरणे तोंडावर बोलायची. कोल्हापुरात तोंडावर बोलणाऱ्यांची वाण नाही. इथे पाहुण्याला आग्रहानं वाढतानाही भांडण चाललंय असं वाटतं. पण मावशीपुढे बाकीचे सगळे गोडबोले ठरायचे. माझे वडील चर्चचे पाळक. एका रविवारी उपासना संपल्यावर ते दारात उभं राहून एकेकाशी हात मिळवत होते. मावशीची पाळी आली तशी ती म्हणाली, "पाळकसाहेब, आज उपदेशाचा शेवट तीनदा आला. पयल्यालाच थांबायचं हुतं की!" मागे सगळी मंडळी उभी. वडील घरी येऊन न जेवता बसून राहिले, आणि पुढच्या रविवारी पहिल्या शेवटालाच थांबले. खरं तर सगळ्यांनी मावशीचे आभार मानायला हवे होते, पण तिच्याजवळ जायची छाती कुणाची होती?

अशा बाईला एक गोष्ट एका माणसाला सांगता येईना. ती पोटात ठेवून तिनं दीड वर्ष काढलं.

मावशी मूळची आजऱ्याकडची. विशीतच नवरा गेला, सासरच्यांनी दार दाखवलं, आणि ती कोल्हापूरला मिशनच्या दवाखान्यात झाडलोटीला लागली. तिथे १९५८ साली मिस हार्लन आल्या. अमेरिकेतून आलेल्या नर्स, उंच, हाडकुळ्या, उन्हानं कायम लालबुंद झालेल्या. सगळे त्यांना मिससाहेब म्हणत. मराठी शिकवायला त्यांना एक पंडित ठेवला होता, पण पंडित यायचे सकाळी तासभर आणि मावशी बडबडायची दिवसभर. मिससाहेबांची मराठी त्यामुळे पंडितांची झालीच नाही, रिबकाची झाली. उलट त्यांनी मावशीला लिहायला-वाचायला शिकवलं, मग नाडी बघायला, सुई टोचायला, बाळंतपण करायला. पंडितांची शिकवणी वाया गेली, ही मात्र वाया गेली नाही.

पुढं चौदा वर्षं दोघी मिशनच्या जीपमधून शाहूवाडीकडची खेडी फिरल्या. जीप मिससाहेब चालवायच्या. गावात शिरलं की आधी औषधपाणी, मग एखाद्या आंब्याखाली पेटी उघडायची. पेटी मिससाहेब वाजवायच्या, गोष्ट मावशी सांगायची. बायबलातला घर सोडून गेलेला उधळ्या पोरगा परत आला की मावशीच्या गोष्टीत त्याचा बाप बोकड कापायचा आणि तांबडा-पांढरा रस्सा करायचा. एकदा आप्पासो पाटलांच्या अंगणात ही गोष्ट चालू होती. पाटील जैन. ते हळूच म्हणाले, "बाई, आमच्या दारात तेवढा बोकड कापू नका." मावशीनं त्या दिवशी पोराला पुरणपोळीवर भागवलं. मिससाहेब पेटीवर डोकं टेकून हसत होत्या.

इतक्या वर्षांत किती माणसं ख्रिस्ती झाली, असं परदेशातून आलेले पाहुणे मिससाहेबांना हटकून विचारत. एका हाताची बोटंही पुरी भरत नव्हती. मिससाहेब सांगायच्या, "आम्ही सांगायचं काम करतो. मोजायचं काम देवाकडं हाय." मला ते उत्तर फार आवडायचं. पाहुण्यांना आवडायचं नाही.

बहात्तर साली कधीतरी मावशीच्या लक्षात आलं की मिससाहेबांना नीट दिसत नाही. समोरचं थोडंफार दिसे, कडेचं काहीच नाही. चहाचा कप त्या बशीशेजारी ठेवू लागल्या. डबक्यातून जीप घालू लागल्या. मावशीला कळलं, पण ती गप्प बसली, आणि त्याला कारण होतं. मिससाहेबांना इथं राहायचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. तो मिळे नर्सचं काम करतात म्हणून. काम थांबलं की परवाना थांबला, आणि मग मिससाहेबांना परत जावं लागणार. तिकडे त्यांचं कुणी नव्हतं. आणि इकडे मावशीला तरी त्यांच्याशिवाय कोण होतं?

मग मावशीनं आपली शक्कल काढली. जीपमध्ये दोघी नेहमी भजनं म्हणत. मावशी आता त्याच चालीत वाटेची खबर देऊ लागली. "म्हस आली हो, डावीकडं म्हस आली!" मिससाहेब म्हशीला वळसा घालायच्या आणि पुढचं कडवं धरायच्या. बाजारातून वाडीला जाणारी चिमणाबाई नावाची एक बाई एकदा मागच्या बाकावर बसून आली. तिला वाटलं, नवीन भजन आहे. तिनं ते आपल्या वाडीतल्या बायकांना शिकवलं, आणि पुढच्या खेपेला त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवून म्हणून दाखवलं. मिससाहेब म्हणाल्या, "चाल ओळखीची हाय, पण ह्यात म्हस कुठनं आली?" मावशीनं घाईघाईनं दुसरंच भजन धरलं. आम्हाला हे तिनं नंतर सांगितलं तेव्हा हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हसली नाही. म्हणाली, "हसताय काय? रोज जीव मुठीत धरून बसत हुतो मी. आन् दुसऱ्याचाबी."

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मलकापूरच्या बाजारात व्हायचं ते झालं. इमामबी बांगडीवाली रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसली होती. मावशी औषधांची खोकी सावरायला क्षणभर मागे वळली, तेवढ्यात जीप कडेला गेली. काचा फुटल्याचा आवाज झाला. जीप थांबली तेव्हा इमामबीची टोपली चाकाखाली होती आणि चाक तिच्या गुडघ्यापासून वीतभर लांब. म्हातारी दोन्ही हात वर करून तशीच बसली होती.

मिससाहेबांनी विचारलं, "दगड लागला का गं?"

मावशी उतरली, इमामबीला उठवून सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग परत येऊन जीपची किल्ली काढून घेतली आणि कनवटीला लावली.

"मिससाहेब, तुम्हास्नी दिसत न्हाय. आत्ता म्हातारी मेली असती."

"मला दिसतं. सूर्य डोळ्यावर आला."

"सूर्य पाठीमागं हाय."

मिससाहेबांनी किल्लीसाठी हात पुढं केला. मावशीनं दिली नाही. "दीड वरीस झालं, मी बगतोय. मी सांगाय पायजे हुतं, न्हाय सांगितलं, ती माझी चूक. पर आता किल्ली मिळायची न्हाय." भर बाजारात, शंभर माणसांसमोर. मिससाहेब जाऊन मागच्या बाकावर बसल्या. इमामबीचा मुलगा ख्वाजा ट्रक चालवायचा. शेवटी त्यानंच दोघींना आणि जीपला कोल्हापुरात आणून सोडलं. आईच्या बांगड्यांचा त्यानं विषयसुद्धा काढला नाही. असे लोक आहेत म्हणून जग चाललंय, असं मला वाटतं.

त्यानंतर आठवडाभर मिससाहेब मावशीशी बोलल्या नाहीत. समोरून गेली तरी नाहीत. आता ती दिसली नाही की बघायची नव्हती, हे देवाला ठाऊक. मावशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि माझ्या आईला म्हणायची, "मी एवढ्यांदा बोललो जल्मभर, कुणाचं काय गेलं न्हाय. आन् आता बोललो तर माझंच सगळं गेलं." आई तिच्यापुढं चहा ठेवायची. तो निवून जायचा.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी मंडळींनी मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. आमच्याकडे रीत अशी की मनात कुणाशी वाकडं असलं तर त्या दिवशी भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा नाही; आधी समेट करायचा. एरवी सगळेच घेतात. मनातलं मनात ठेवून घेतात, हेही सगळ्यांना माहीत असतं. मी मावशीच्या मागच्याच बाकावर होते. प्याल्यांचं तबक तिच्यापुढं आलं तेव्हा तिनं ते न घेताच शेजारणीकडं सरकवलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. बायकांच्या बाजूला कुजबूज उठली.

मिससाहेब चार बाक पुढं बसल्या होत्या, त्यांचा प्याला हातात होता. त्यांनी शेजारी विचारलं काय झालं म्हणून, आणि कुणीतरी सांगितलं. त्या उठल्या. एका हातात प्याला, दुसऱ्या हातानं बाक चाचपत त्या मागे येऊ लागल्या. बायका पाय आत ओढून घेत होत्या. वडील बोलता बोलता थांबले. मिससाहेब येऊन उभ्या राहिल्या त्या चुकीच्या बाकापाशी, भलत्याच बाईसमोर.

"रिबका," त्या म्हणाल्या.

"हितं हाय मी," मावशी मागून म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मिससाहेब आवाजाकडं वळल्या. "तू खरं बोललीस. मला दिसत न्हाय." त्या हळू बोलल्या नाहीत. पार पुरुषांच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सगळ्या मंडळींत हे बोलल्यावर परत झाकता येणार नाही, हे न कळण्याइतक्या त्या साध्या नव्हत्या. मग त्यांनी आपला प्याला पुढं धरला, मावशीनं त्यातला निम्मा घेतला, उरलेला त्यांनी घेतला. मावशी पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडली. मीही रडले, मला त्यात लाज वाटत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं की ही दृष्टी परत यायची नाही. दवाखान्याचा कारभार तोवर इथल्याच पंचांकडे आला होता, आणि वडील त्यांचे अध्यक्ष. पंच म्हणाले, ख्वाजाला जीपवर ठेवू, तुम्ही नुसत्या सोबत बसा, कागदावर नर्स म्हणून राहा. मिससाहेब म्हणाल्या, "वर्षाला एक खोटी सही करू मी? आन् खेड्यात जाऊन देवाचं नाव सांगू?" राजीनामा द्यायचं ठरलं. आता मिससाहेबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या सांगणार आणि मावशी लिहिणार. वडिलांनी आपलं चांगलं पेन देऊन मला मिससाहेबांच्या बंगल्यावर पाठवलं.

मिससाहेब आरामखुर्चीत बसून म्हणाल्या, "लिही. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, म्हणून मला माझं काम करता येत नाही. मला मोकळं करावं."

पेन थांबलं. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मला तिच्या मनात काय चाललंय ते लख्ख कळलं. ती काहीही लिहू शकत होती. 'दिसायला थोडा त्रास होतो' असं लिहिलं असतं तरी मिससाहेबांना कुठून कळणार होतं? आणखी एखादं वर्ष निघालं असतं.

"लिहिलंस?"

"लिवतोय की," मावशी म्हणाली, आणि तिनं लिहिलं. मोठमोठ्या अक्षरांत, सांगितलं तसं, शब्दाला शब्द. एका अक्षरावर पाणी पडून शाई पसरली. ते तिनं पदरानं टिपलं.

"आता पुढं. माझं काम रिबका कुरणे हिला द्यावं. तिच्यावर कुणी वरचा माणूस नेमू नये."

"ह्ये मी लिवणार न्हाय. सोताच सोताची आरती ववाळू व्हय?"

"लिही म्हणते ना."

"बरं," मावशी म्हणाली. पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला. मग तिनं मिससाहेबांचं बोट धरून कागदाच्या खालच्या बाजूला टेकवलं. "वाचून दावू का?"

"नको," म्हणाल्या मिससाहेब, आणि सही केली.

आमच्याच घरी भरलेल्या पंचांच्या सभेत, माझ्यादेखत, वडिलांनी पाकीट फोडलं. आत पहिला मजकूर होता आणि खाली मिससाहेबांची तिरपी सही. मधली जागा कोरी होती; तिथं मावशीनं पेनाचं टोपणच नुसतं फिरवलं होतं. पंचांपैकी हंबीरराव म्हणाले, "आता त्यांच्या जागी कोण, त्याबद्दल बाईंनी काहीच लिहिलं नाही?" वडिलांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्यांना हसू येत होतं का रडू, ते मला कधीच कळलं नाही. मग म्हणाले, पत्र लिहायच्या आदल्या संध्याकाळी मिससाहेब, आता जीप चालवणाऱ्या ख्वाजाचा हात धरून, घरी येऊन गेल्या. सांगून गेल्या की पत्रात दोन गोष्टी असतील, त्यातली दुसरी, आपलं काम रिबकाला द्यावं ही, रिबका स्वतः लिहिणार नाही, तरी ती लिहिली आहे असं समजा.

"मी त्यांना विचारलं," वडील म्हणाले, "आणि पहिली? ती तिला लिहवेल का? तुम्हाला तर वाचताही येणार नाही."

"त्यावर काय म्हणाल्या?" हंबीररावांनी विचारलं.

"म्हणाल्या, पहिली ती लिहील. म्हणून तर दुसरी सांगतेय."