आत्याचे दोन ऋतू

वर्षाला सहा ऋतू असतात हे आमच्या आत्याने आजवर मान्य केलेलं नाही. तिच्या लेखी ऋतू दोनच. बोट चालते तो एक, आणि बोट चालत नाही तो दुसरा. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत राहणाऱ्या, चारही बाजूंनी कापूस आणि सोयाबीन पाहणाऱ्या बाईने वर्षाची अशी वाटणी करावी, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण आत्याने अंदमानच्या एका लहानशा बेटावर, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. निवृत्त होऊन ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक, एक छत्री आणि तिकडचं संपूर्ण हवामान होतं. ट्रंक माळ्यावर गेली, छत्री दाराआड गेली. हवामान मात्र आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर आलं.

ती तिकडे गेली कशी, हेही तिच्याच तोंडून ऐकावं. पहिली नेमणूक समुद्रपूरला झाली होती. गावाच्या नावात समुद्र, आणि प्रत्यक्षात उन्हाळ्यात नळालाही पाणी नाही. "नावावरूनच फसली मी. मंग म्हटलं, आता खराच पाहून येऊ," असं ती सांगते. अंदमानला नर्स हव्यात अशी जाहिरात निघाली आणि ती अर्ज करून मोकळी झाली. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, हे बिलकूल पसंत नव्हतं. त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. ती बेटावर पोचली, कामाला लागली, आणि बाबांचा राग उतरेपर्यंत तिकडे तिला पोहता यायला लागलं होतं.

तर तिकडचा हिशेब असा. साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत समुद्र शांत. जे काही करायचं, जिथे कुठे जायचं, ते या दिवसांत उरकायचं. मग वारं फिरतं, पाऊस येतो, लाटा चढतात आणि लहान बेटं आपापल्या जागी अडकून पडतात. बोट कधी येते, कधी येत नाही. हा हिशेब आत्याच्या अंगात इतका भिनला आहे की देवळीतही पौष लागला की तिला घरात चैन पडत नाही. चहाचा कप हातात घेऊन ती उभीच राहते. अंगणातून ओसरीत, ओसरीतून रस्त्यावर, रस्त्यावरून पुन्हा अंगणात. मग एक दिवस पिशवी भरून निघते आणि वर्षभराच्या सगळ्या गाठीभेटी चैत्र संपायच्या आत उरकून टाकते. कोणाच्या वास्तूला जायचं राहिलं असेल, कोणाच्या दुःखाला जायचं असेल, कोणाच्या घरी पुढे लग्न निघण्याची नुसती शक्यता असेल, तरी आत्या आधीच जाऊन येते. सिंदी रेल्वे नावाच्या गावी माझी चुलत बहीण दिली आहे. तिला दिवस गेल्याचं कळलं, तशी आत्या माघातच टोपडं, झबलं आणि दुपटं घेऊन तिच्या दारात उभी. बहीण म्हणाली, "आत्या, अजून तर मायं पोटही दिसत नाई." आत्या म्हणाली, "पोट्टं आषाढात होईन. आषाढात मी कशी येऊ तुयापाशी?" देवळीहून सिंदीला आषाढातही एसटी जाते, वर्ध्याला उतरून दुसरी धरायची इतकंच, हे तिला बहिणीने, तिच्या सासूने आणि शेवटी जावयाने समजावून सांगितलं. आत्याने तिघांचं ऐकून घेतलं, ज्या बाळाचा अजून पत्ता नव्हता त्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिला आणि पुढच्या गावाला निघून गेली.

ज्येष्ठात तिची दुसरी धांदल सुरू होते. कांदे, बटाटे, काडेपेट्या, मेणबत्त्या, साबण, सगळं एकदम घरात येतं. किराणा दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि दुकानदार भर पावसात पोराच्या हाती सामान घरपोच पाठवतो. "आज पाठवते. उद्या जहाज नाई आलं तर तो कोठून आणन?" असा तिचा प्रश्न असतो. शिवाय वाऱ्याने काही उडून जाऊ नये म्हणून ती वस्तू बांधून ठेवते. सायकल पेरूच्या झाडाला, झाडू खिळ्याला, पाण्याची टाकी जिन्याला. एकदा तिने खिडकीतला कूलर नायलॉनच्या दोरीने असा काही जखडला की दुरुस्तीवाला आला तेव्हा त्याचा बराचसा वेळ गाठी सोडण्यातच गेला. जाताना तो आईला म्हणाला, "वहिनी, मोटर ठीक हाय. पण हा कूलर पळून जाऊन राह्यला होता का?"

बसस्टँडवर तर तिला सगळे ओळखतात. वर्ध्याची गाडी निघायच्या कितीतरी आधी ती स्टँडवर हजर असते, आणि बसायला बाक असूनही बसत नाही. येरझारा घालते. गाडी लागली की कंडक्टरला विचारते, "सुटते नं आज?"

"आत्याबाई, आभाय साफ हाय, डिझेल भरलं हाय, डायवर समोर बसला हाय. काऊन नाई सुटणार?"

"आभायाचं काय घेऊन बसला? हवा कशी हाय ते सांग."

कंडक्टर बिचारा खाली उतरून हवा पाहतो. हवा ठीक आहे असं त्याने सांगितल्यावरच आत्या पायरीवर पाय ठेवते.

आता इतकं सगळं असताना बाईला हवामानातलं काहीतरी कळत असेल अशी कोणाचीही समजूत होईल. आमच्या गल्लीचीही झाली होती. एका चैत्रात सगळ्यांच्या गच्चीवर कुरड्या वाळत पडल्या होत्या. आत्या गच्चीवर गेली, तोंड वर करून तिने वास घेतला आणि म्हणाली, "वारं फिरलं." गल्लीतल्या सगळ्या बायका धावल्या. ओल्या कुरड्या चादरीसकट गुंडाळून घरात आणल्या. त्या दिवशी असं ऊन तापलं की डांबर पातळ झालं, आणि संध्याकाळी घराघरातून आंबूस वास येऊ लागला. तेव्हापासून आत्या काय म्हणते ते ऐकायचं आणि त्याच्या उलट वागायचं असा गल्लीचा नियम झाला. आत्याला याचं वाईट वाटत नाही. "तिकडं तर बरोबर येत होतं माझं," एवढंच म्हणते. तिकडचं खरंखोटं करायला देवळीत होतं कोण?

तिकडचं खरंखोटं करू शकेल असं एकच माणूस होतं. मालतीदी. आत्या बेटावर जिच्या घरी भाड्याने राहायची, ती ही बंगाली विधवा बाई. सुपारीची लहानशी बाग, पत्र्याचं घर, एक मुलगा. पुढे आत्याला सरकारी क्वार्टर मिळालं, पण तिने ते घर सोडलं नाही. देवळीला आल्यावर दर रविवारी दोघींचा फोन असायचा. इकडून आत्या वऱ्हाडी वळणाची हिंदी बोलायची, तिकडून मालतीदी बंगाली वळणाची. दोघी एकमेकींवर सतत चिडलेल्या असायच्या आणि फोन कोणी ठेवत नसे. दर वर्षी फोनच्या शेवटी आत्या सांगायची, "इस सीजन में पक्का आती हूँ."

आणि दर वर्षी राहून जायचं. कारण तिकडचे मोकळे दिवस म्हणजे इकडे कापूस वेचायचे आणि तूर काढायचे दिवस. ते संपतात तोवर चौदा एप्रिलच्या जयंतीची तयारी. तिला एकटीला पाठवायला बाबा तयार नाहीत, आणि मी शाळेत शिक्षक, मला सुट्ट्या लागतात वैशाखात. म्हणजे आम्ही मोकळे झालो की तिकडचा समुद्र बिघडायला लागतो. बाबा म्हणायचे, "मंग दिवाळीत जाय." आत्या म्हणायची, "दादा, दिवाळीत तिकडं दुसरा पाऊस रायते." बाबांना हे पटायचं नाही. एका देशाला दोन पावसाळे कशाला लागतात, असं त्यांचं म्हणणं. दोघं तोंड फिरवून बसायचे, आणि आत्या पुन्हा अंगणात येरझारा घालू लागायची.

यंदा मात्र फाल्गुनात फोन आला तो मालतीदीच्या मुलाचा. मालतीदी ओल्या पायरीवरून घसरली होती. आता काठीशिवाय चालता येत नव्हतं. मुलगा कलकत्त्याकडे नोकरीला असतो. तो बाग विकून आईला कायमची घेऊन जाणार होता, पावसाच्या आत. आत्याने फोन ठेवला आणि त्या दिवशी ती अजिबात येरझारा घालत बसली नाही. तिने माळ्यावरून ट्रंक काढायला लावली. परीक्षेचे पेपर तपासून होताच मी तिला घेऊन निघालो. बाबा स्टेशनवर आले नाहीत. घरून निघताना एवढंच म्हणाले, "लवकर येजो."

चेन्नईपर्यंत रेल्वेत आत्या बसली नाही म्हटलं तरी चालेल. विमानात तिला पट्ट्याने बांधल्यामुळे बसावं लागलं. पोर्ट ब्लेअरला आम्ही जेट्टीवर पोचलो, तर व्हायचं तेच झालं होतं. वारं लवकर फिरलं होतं. लहान बेटांच्या बोटी बंद.

आणि इथे मी जे पाहिलं ते आयुष्यात पाहीन असं वाटलं नव्हतं. आत्या खाली बसली. जेट्टीच्या शेडमध्ये, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, निवांत. रोज सकाळी आम्ही जायचो, खिडकीवरचा माणूस मान हलवायचा, आत्या "अच्छा" म्हणायची आणि येताना मासळी विकत घ्यायची. येरझारा आता मी घालत होतो. खिडकीवर भांडत होतो, मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे पाहत होतो, परतीची तिकिटं बुडतील म्हणून जीव खालीवर होत होता. एकदा मी त्या खिडकीवाल्यावर फारच आवाज चढवला, तर आत्याने मला हाताला धरून आणलं. म्हणाली, "बाबू, तू बोंबलला म्हणून समुद्र का उगी होते? बस इथं. चहा पे."

त्याच शेडमध्ये आमच्यासारखाच अडकलेला एक जाडसर, चष्मेवाला माणूस होता. आत्याने त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. तो मालतीदीचा मुलगा, खोकन. आईला न्यायला आला होता. त्याला लहानपणी गोवराच्या तापात आत्याने मांडीवर घेऊन बसवलेलं, त्यामुळे आजही तिच्यापुढे तो मान वर करून बोलत नव्हता. पण त्याचं म्हणणं पक्कं होतं. "बारिश में माँ को कुछ हो गया तो? बोट बंद, डाक्टर नहीं. मैं कलकत्ता में बैठके क्या करूँगा?"

आत्याने ते खोडून काढलं नाही. चहा पाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विषय, पुन्हा चहा. बाहेर पाऊस आडवा येत होता आणि कोणालाच कुठे जाता येत नव्हतं. मग एका दुपारी ती म्हणाली, "डाक्टर नहीं है, लेकिन नर्स तो है. मैं रहती उसके पास, पूरी बारिश. पानी उतरा कि तू आ. तब उसका मन हुआ तो ले जा."

 आता बाबांना काय सांगायचं, हे मी मनात जुळवू लागलो. खोकनने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "एक ही बारिश, मासी."

मग एक दिवस उघडीप मिळाली, बोट सुटली. वाटेत मला पोटातलं सगळं बाहेर काढावं लागलं आणि आत्या बोटीच्या कठड्याशी उभी राहून खलाशांची ख्यालीखुशाली विचारत होती. मालतीदी ओसरीत खुर्ची टाकून बसली होती. आत्या समोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी भेट, मी जरा मागेच थांबलो. मालतीदीने तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "मेरा छाता कहाँ है?"

"देवली में."

"वाह. छाता सूखे में रख आई, और खुद इधर भीगने आई."

"तेरे को लेने आने को किसने मना किया था?"

असं बोलत बोलत आत्या तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मालतीदीने तिचं मनगट धरलं, आणि आम्ही सामान आत नेऊन, चहा करून बाहेर आणला तरी ते सोडलेलं नव्हतं.

परतीच्या बोटीवर खोकन आणि मी दोघंच. देवळीला उतरलो तर स्टँडवर आलेल्या बाबांनी माझ्यामागे कोणी उतरतंय का पाहिलं आणि शेतावर निघून गेले. नंतर आत्याचा फोन आला की ते उठून जायचे. आई म्हणायची, "बोला नं हो एकदा." ते म्हणायचे, "मी काय बोलू? तिले आपलं घर तिकडंच वाटते." यंदा जाण्याआधीच आत्या बांधून गेली होती तो झाडू, ती सायकल कोणी सोडत नव्हतं. पुढे पावसाने तिकडचा टॉवर बिघडला आणि फोन लागेनासाच झाला. तेव्हा बाबा रोज शेतावरून आले की मला नुसतं विचारायचे, "काई?" मी मान हलवायचो.

श्रावणात इकडे पावसाने दडी मारली. सोयाबीन फुलावर आलेलं, पानं दुपारी मिटून जायची, काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या. अशाच एका संध्याकाळी आम्ही सगळे ओट्यावर बसलो असताना माझा फोन वाजला. आत्या होती. मी स्पीकर लावला. ती ओरडून बोलत होती, तरी निम्मं ऐकू येत नव्हतं. मालतीदी बरी आहे, काठीने बागेत जाते, माझ्याशी भांडते. मग म्हणाली, "दादा हाय का तिथं? पाणी आलं का देवळीत?"

बाबा उठले नाहीत.  मीच म्हणालो, "नाई आत्या. तीन आठवडे झाले, थेंब नाई."

 मग ती म्हणाली, "थांब. फोन ठेवजो नोको." तिची पावलं वाजली, एक दार उघडल्याचा आवाज आला, आणि आत्याने बहुतेक हात लांब करून फोन ओसरीच्या बाहेर धरला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. धो धो, एकसारखा, मध्ये वाऱ्याने सुपारीची झाडं हलल्याचा आवाज. आई हातातली भाजी निवडायची थांबली. रस्त्याने जाणारा शेजारी सायकलवरून उतरून उभा राहिला.  बाबा हळूहळू पुढे वाकले, त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ओंजळीत धरून कानाशी नेला.

मग लाइन तुटली.

बाबांनी फोन मला परत दिला नाही. त्यात चार्जिंग किती आहे ते विचारलं, आणि तो मांडीवर ठेवून अंधार पडेपर्यंत ओट्यावरच बसून राहिले.