आईची लितानी आणि माझा रॅप

मराठीत ख्रिस्ती रॅप करणारा पहिला माणूस, अशी हल्ली माझी ओळख करून देतात. मी मान खाली घालून ऐकून घेतो. पहिलं असण्यात एक सोय असते, दुसरा कुणी नसल्यामुळे तुलना होत नाही. मात्र सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं, की मी जरा गुळमुळीत बोलतो.

सुरुवात झाली रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, आमच्या गल्लीतल्या क्रुसापुढे. सणाआधी नऊ संध्याकाळी तिथे लितानी होते. पुढची बाई एकेका संताचं नाव घेऊन थांबते आणि मागून सगळे म्हणतात, "आम्हांसाठी विनंती कर." तीस वर्षं ती पुढची बाई म्हणजे माझी आई. माझ्या रॅपला ती भांडण म्हणायची. "देवाशी असं हातवारे करून बोलतात का रे? त्याला ऐकू येत न्हाय काय?"

मला सणाच्या दिवशी देवळासमोरच्या मांडवात रॅप करायचा होता. फादर सावध माणूस. म्हणाले, "पहिल्या संध्याकाळी लितानीच्या आधी क्रुसापुढे म्हणून दाखव. बायकांनी नाक मुरडलं तर विषय कायमचा बंद."

मी चौलला मामाच्या बागेत जाऊन महिनाभर माडांना ऐकवून तयारी केली. माडांची काही तक्रार नव्हती.

त्या संध्याकाळी आई पुस्तक घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. मी पुढे क्रुसाकडे तोंड करून उभा राहिलो आणि कोळी असलेल्या संत पेत्राच्या रिकाम्या जाळ्यावरच्या चार ओळी एका दमात म्हटल्या. मग जरा ऐटीत थांबलो. मागून तीस-चाळीस बायका एका सुरात म्हणाल्या, "आम्हांसाठी विनंती कर!"

पुढचा थांबला की आपण जबाब द्यायचा, एवढंच त्यांना जन्मभर माहीत. मी न थांबता पुढच्या ओळी पळवत सुटलो. पण माणसाला श्वास घ्यावाच लागतो. घेतला, की पुन्हा "आम्हांसाठी विनंती कर!" तिसऱ्या कडव्यात माझी स्वतःची पापं होती. शेजारणीचे आंबे चोरले, देवळात मिस्सा चालू असताना फोन बघितला. आंब्यांवरचा जबाब शेजारणीनंच सगळ्यांत खणखणीत दिला.

चौथ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं, की जबाब बरोबर ठेक्यात पडतोय. मग मला चेव चढला. मी मुद्दाम थांबायला लागलो.

संपल्यावर फादरांनी विचारलं, "काय बायांनो, चालेल?" सगळ्या आईकडे बघायला लागल्या. आईनं पुस्तक मिटलं.

"फादर, त्याच्या परवानगीचं नंतर बघा. आधी माझी सुट्टी मंजूर करा. तीस वर्षं मी नावं घेतली. बाकीच्यांसारखा जबाब द्यायला आज पयल्यांदा मिळाला. लय बरं वाटलं."

तिचा आवाज त्या गलक्यात होता, हे मला तेव्हा कळलं. मला सगळ्यांदेखत रडू आलं. फादर म्हणाले, "दोन्ही मंजूर."

"पण लितानी हाय ही," आई म्हणाली, "गुडघ्यावर बसून म्हणायची."

उरलेल्या आठही संध्याकाळी आईच्या जागी मी गुडघे टेकून रॅप केला. क्रुसापुढे उभं राहायला आईनं मला अजून परवानगी दिलेली नाही.