देवणीची वंशावळ आणि सलीमभाई

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकूरच्या बसस्थानकावर होतो. खोटं कशाला बोलू, मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता गायींच्या नोंदी कोण पुऱ्या करणार? मित्र गेला हे नंतर उमगलं, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर. दीड महिना झाला, पण आधी नोंदी आठवल्या याची लाज अजून गेलेली नाही.

मी गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त. सलीमभाईंचं देवणीत संगणक दुरुस्तीचं दुकान. त्यांचे वडील नालबंद. बैलांना नाल ठोकता ठोकता त्यांनी पोराला तालुक्यातली जनावरं ओळखायला शिकवलं होतं. आमच्या पशुपालक संघाकडे देवणी गायींच्या वंशावळीची जुनी रजिस्टरं होती, हात लावला की पानं सुटायची. कोणती कालवड कोणत्या वळूची हे कळलं नाही, तर बापाचीच गाठ लेकीशी पडते आणि जात खालावते. सलीमभाईंनी ती रजिस्टरं संगणकावर उतरवली, त्यासाठी मराठीत एक प्रणाली लिहिली आणि तिचा सगळा कोड खुला ठेवला. "कोणीबी बघावं, कोणीबी दुरुस्त करावं, डॉक्टरसाब. मी न्हाई राहिलो तरी अडलं न्हाई पाहिजे." रंगाच्या रकान्यात काळ्या तोंडाची ती वानेरा, शिवाय बालंक्या, शेवरा असे आपलेच शब्द होते.

आणि मी काय केलं? नांदेडच्या एका हॉटेलात बाहेरच्या एका कंपनीने कार्यक्रम ठेवला होता. पडद्यावर रंगीत आलेख, गुळगुळीत इंग्रजी... मी संघाचा सचिव, पार भारावून गेलो. बैठकीत मीच म्हणालो, सलीमभाईंचं काम घरगुती आहे, आपल्याला काहीतरी मोठं पाहिजे. ते समोरच बसले होते. "नेऊ द्या त्यांना नोंदी," शांतपणे म्हणाले, "पण परत मागितल्या तर देणार का, तेवढं इचारून घ्या." मी विचारलं नाही. असं विचारणं मला अडाणीपणाचं वाटलं. कंपनीच्या रकान्यात वानेरा नव्हताच, आमच्या गायी तिथे 'इतर' झाल्या. काही वर्षांनी कंपनीने ती सेवाच बंद केली. नोंदी कुठल्या देशातल्या यंत्रावर होत्या, हे सांगायलाही कोणी फोन उचलेना. सलीमभाईंच्या संगणकातल्या जुन्या नोंदी तेवढ्या वाचल्या, मधल्या वर्षांच्या साऱ्या गेल्या.

आता हा माणूस मला ऐकवणार, असं वाटलं होतं. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं! ते मोटरसायकल काढून गोठ्यागोठ्यांत जाऊ लागले आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून नोंदी पुन्हा जमवू लागले. "मी एकटाच लिहून राहिलो. एखाद्या दुपारी बसा की माझ्यासंगं," दोनदा म्हणाले. पुढच्या आठवड्यात नक्की, असं मी सांगायचो. खरं म्हणजे त्यांच्या नजरेला नजर देणं मला जड जात होतं. आपली माहिती आपल्याच गावातल्या, आपल्याला उघडता येईल अशा यंत्रात राहिली पाहिजे, हे आता मी भेटेल त्याला सांगतो. नुसता कोड खुला असून भागत नाही, त्याच्यापाशी बसणारी माणसंही लागतात... आणि मी बसलो नाही.

परवा सलीमभाईंच्या घरी भाभींना भेटायला गेलो. त्यांनी संगणक सुरू करून दिला. "डॉक्टरसाब येतील, त्यांना दाखव, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी." नव्या साऱ्या गायी मंजुरीसाठी एका यादीत थांबलेल्या होत्या. लिहिणाऱ्याने स्वतःचीच नोंद मंजूर करायची नाही, दुसऱ्याने तपासायची, असा नियम सलीमभाईंनी प्रणालीतच घालून ठेवला होता. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. यादी खाली सरकवत गेलो, प्रत्येक ओळीत माझंच नाव.

"काही बिघडलंय का?" भाभींनी विचारलं.

"न्हाई भाभी, मीच उशिरा आलो."

पहिली नोंद उघडली. वानेरा गाय, मालक, गाव. आईच्या रकान्यात सलीमभाईंनी लिहिलं होतं, 'मालकाला आठवत न्हाई. डॉक्टरसाबनी हिच्या आईची अडलेली वेण सोडवली होती, ते सांगतील.'

मालकाचं नाव, गाव पुन्हा वाचलं. मला ती गाय आठवेना.