बायकोचं माप

आमचे हे शिलाईचे मास्तर. लोकांचे चेहरे ह्यांच्या लक्षात कधीच राहायचे नाहीत, आजार तर नंतरचा. पण अंगाला टेप लागली की माणूस ओळखलाच. मागच्या खेपेपेक्षा पोट सुटलंय, असं भर दुकानात तोंडावर सांगायचे आणि गिऱ्हाईक ओशाळून पोट आत ओढायचं. माप कधी लिहून ठेवलं नाही, सगळं बोटांत.

मग एकदा ह्यांनी शर्टाला तीन बाह्या कापल्या आणि तिसरी कुठे लावायची, असं मलाच विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, अल्झायमर.

धाकटे दीर त्यांना संस्थेत ठेवायचं म्हणून हात धुऊन मागे लागले. मी ऐकेना, तेव्हा म्हणाले, वहिनी, दादा तुम्हाला ओळखतोय तोवर राहू दे घरी. मी कबूल झाले. म्हटलं, मला कसे विसरतील? अक्कल गहाण ठेवली होती मी.

डॉक्टर बोलता बोलता म्हणाल्या होत्या, हा आजार एकट्या मेंदूचा नसतो. हृदय, लिव्हर, आतडी, अगदी हिरड्यासुद्धा त्यात भर घालत असाव्यात, असं आता दिसायला लागलंय. हे सगळं नीट सांभाळलं तर कदाचित घसरण थोडी हळू होईल, गेलेलं परत येईल असं नाही. शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही म्हणा ना. मेंदूला हात लावता येत नाही काय, मग बाकीच्यांना धरते एकेकाला!

जन्मभर दातांनी दोरा तोडून हिरड्या पार सडलेल्या. त्या साफ करून घेतल्या. दिवसभर मशीनवर बसून पोट कायमचं गच्च. उकडलेल्या भाज्या भरवल्या, हाताला धरून चालवलं. मीठ तोडलं, साखर लपवली. गोळी गालात दाबून ठेवायचे, मी बोट घालून काढायची. चावायचेसुद्धा. जिवाचं रान केलं मी. माझं जेवण म्हणजे ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास. माझे कपडे ढगळ व्हायला लागले तशा पिना लावल्या. घरचा शिंपी असा, आता कुणाला सांगणार?

ह्यांचे रिपोर्ट मात्र झकास आले. ते बघायलाच दीर आले होते. चहा पीत होते आणि ह्यांनी खिळ्यावरची टेप काढली. माझ्याकडे परक्यासारखं बघून म्हणाले, "या बाई, माप घेतो."

दिरांनी मान वर केली. मला मात्र आशा वाटली. चेहरा गेला तर गेला, माप कुठे जातंय? मी ताठ उभी राहिले. खांदा झाला, छाती झाली. कमरेला टेप आली आणि ह्यांची बोटं थांबली. परत ओढून बघितली. कपाळाला आठी.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. श्वास कोंडून जमेल तेवढं पोट मी पुढे काढलं.

"नाही," हे हळूच म्हणाले. "मला क्षणभर वाटलं होतं. पण माझी बायको अंगानं भरलेली आहे."

दिरांनी कप खाली ठेवला. "वहिनी," म्हणाले, "बसा आता."

मी बसले नाही. पोट तसंच फुगवून म्हटलं, "अहो, परत एकदा घ्या ना."