भवानीचा पीतांबर

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती कोणताही दुकानदार सहसा हातची जाऊ देत नाही. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पायरी उतरलं की सबंध दिवस कोरडा जातो, ही त्याची समजूत. मी स्वतः कल्याणचा तांदळाचा व्यापारी, आणि माझ्या दुकानात मीही ती पाळतो. पण मी घ्यायला निघालो की हीच समजूत माझ्या कामाला येते. तांबट असो, घोंगडीवाला असो की अत्तरवाला, तो फळ्या काढत असतानाच मी त्याच्या पायरीवर उभा असतो. अर्ध्या भावाने मागतो. तो नाही म्हणाला की पाठ फिरवतो. पहिल्या हाकेला वळायचं नाही, कारण ती तोंडदेखली असते. दुसऱ्या हाकेत भाव उतरलेला असतो. या रीतीने मी उभा संसार खरेदी केला आणि एकदाच फसलो, तेही थोरल्या मुलीच्या लग्नात.

स्थळ ठाण्यातल्या नौपाड्याचं होतं. व्याही कचेरीत कारकून. घर शिकलेलं, बोलणं मोजकं. हुंड्यावरून त्यांनी घासाघीस केली नाही, याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. फक्त विहीणबाई म्हणाल्या, "मुलाचं सोवळं तेवढं ठाण्याच्या मागावरचं असू द्या. आमच्या घरातल्या प्रत्येक नवऱ्या मुलाने तेच नेसलंय."

बोलणं साधं होतं, पण मला ते लागलं. मी पाठीवर पोती वाहून वर आलेला माणूस. माझ्या मांडवात अर्धं कल्याण जेवायला येणार होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना या हमालाला देणंघेणं कळतं का, एवढंच पाहायचं होतं. सीमांतपूजनाला माझ्या हातून नवऱ्या मुलाच्या हाती ठाण्याचा पीतांबर गेला पाहिजे होता. दुसरं काही चाललं नसतं.

ठाण्यात त्या वेळी रेशमाचे माग थोडेच उरले होते. चर्चच्या मागच्या आळीत ख्रिस्ती विणकरांची काही घरं होती, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मी दोन महिने आधी सांगून ठेवलं. दुकानदाराचा नफा वाचवावा म्हणून थेट मागावर गेलो होतो. कापड अर्धं विणून झाल्यावर पुन्हा गेलो, आणि ठरल्या भावातून दोन रुपये कमी करायला सांगितलं. मागावर चढलेलं कापड तो कुठे नेणार, असा माझा हिशेब. म्हातारा मान खाली घालून धोटा इकडून तिकडे फेकत राहिला. मला वाटलं, मान्य आहे.

सीमांतपूजनाच्या आदल्या दिवशी मेहुण्याला बरोबर घेऊन मी पहाटेच्या गाडीने ठाण्याला उतरलो. म्हाताऱ्याच्या ओट्यावर माग रिकामा होता.

"माझं कापड?" मी विचारलं.

"तुमी भाव पारलात, मी इकून टाकला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"कोणाला?"

त्याने बाजारातल्या रेशमी कापडाच्या पेढीचं नाव घेतलं. दुसरा ठाण्याचा पीतांबर गावात तयार नव्हता, हेही त्यानेच सांगितलं. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. मेहुण्याने मला दंडाला धरून आळीबाहेर काढलं.

ती पेढी मला चांगली माहीत होती. वीस वर्षांपूर्वी तिच्या मालकाच्या घरी मी तांदळाची पोती उतरवायला जात असे. एकदा घामाघूम झालेला असताना दुकानात मांडलेलं एक जरीकाठी उपरणं पाहत उभा राहिलो होतो. गादीवरून तो म्हणाला, "बघ, बघ. बघायला पैसे पडत नाहीत. हात लावलास तर मात्र धुवायला पडतील." गिऱ्हाइकं हसली. त्या हसण्याला वीस वर्षं झाली असतील, माझ्या लेखी एक दिवसही झालेला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तो गादीवर बैठकीची चादर झटकत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं नाही, आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

पीतांबर त्याने लगेच काढून दाखवला. पिवळा, दाट विणीचा, काठ हाताला जड लागणारा. मी हात लावला. मुद्दाम दोन्ही हात लावले.

"किती?"

त्याने सांगितलं. भाव वाजवी होता, हे आज लिहितो. तेव्हा मी निम्म्याने मागितला.

"तुम्ही थट्टा करताय," तो म्हणाला.

"थट्टा नाही, भवानी आहे. सकाळची वेळ आहे, विचार करा."

"भवानी म्हणून एक रुपया सोडतो. त्याखाली नाही."

"भावोजी, घेऊन टाका," मेहुणा माझ्या कानाशी कुजबुजला. "उद्या सीमांतपूजन आहे."

"तू गप्प बस. हा आता हाक मारतो बघ."

मी पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरलो. माझ्या मनात हिशेब पक्का होता. दहा पावलं गेलो असेन, तेवढ्यात मागून हाक आली, "अहो, थांबा!"

मी मनात हसलो आणि वळलो नाही. दुसरी हाक यायची होती. आणखी दहा पावलं गेलो, मग वीस. कोपऱ्यावरच्या पगडीवाल्याच्या दुकानापर्यंत मी इतका सावकाश चाललो की मेहुणा माझ्या पुढे निघून गेला. दुसरी हाक आली नाही.

"आता?" मेहुण्याने विचारलं.

"आता इतर दुकानं बघू."

परत फिरणं मला शक्य नव्हतं. त्या माणसासमोर दुसऱ्यांदा पायरी चढणं शक्यच नव्हतं.

मग दुपारपर्यंत आम्ही ठाण्याचा बाजार पालथा घातला. मला एरवी हा बाजार आवडतो. एका दुकानात एकच वस्तू, आणि त्या वस्तूबद्दल त्या माणसाला माहीत नाही असं काही नाही. पगडीवाला गुडघ्यावर पगडी बांधत होता. "पीतांबर? डोक्याचं विचारा, कमरेचं मला कळत नाही," म्हणाला. किनारीवाल्याकडे सोनेरी जर हातहात लांब लोंबत होती. त्याने नुसता काठ देऊ केला, मधलं कापड तुम्ही आणा. बांगडीवाल्या कासाराने आम्हाला बसवून पाणी दिलं आणि मुंबईला जा म्हणून सांगितलं. एका दुकानात सुरतेचा माल होता. तो पिवळाही होता आणि रेशमीही होता. मी तो उन्हात धरला, चुरगाळला, नाकाशी नेला. दुकानदार म्हणाला, "शंभरात एकाला फरक कळेल." माझी विहीण म्हणजे त्या शंभरातली तीच एक होती. मी कापड इतक्या जोरात खाली टाकलं की तो उठून उभा राहिला.

ऊन चढलं. कल्याणची गाडी दोन तासांवर होती. मेहुणा रस्त्यावरच थांबला आणि बोलला, जे तो एरवी बोलत नाही.

"भावोजी, तुमचा राग त्या पेढीवाल्यावर आहे, आणि इकडे पोरीचं लग्न आहे. दोन्ही एका दिवशी होत नाहीत. एक काय ते ठरवा."

मी त्याला शिवी दिली आणि पेढीकडे वळलो.

मालक जेवून येऊन तक्क्याला टेकला होता. मी पायरीवरूनच म्हणालो, "तुमचा भाव मान्य आहे. काढा तो पीतांबर."

"गेला."

"कुठे गेला?"

"तुमची पाठ वळली आणि पुढचं गिऱ्हाईक पायरी चढलं. भवानी झाली, तीही पुऱ्या भावात."

"मग मला हाक कशाला मारलीत?"

"मी?" तो उठून बसला. "मी कोणाला हाक मारत नाही, साहेब. या गादीवर बसून अजून मारलेली नाही."

"कोणी नेला?"

"ते सांगायची आमच्यात रीत नाही."

आम्ही कल्याणची गाडी धरली. घरी आल्यावर बायकोने हात रिकामे पाहिले. शेवटी माझ्याकडे कधीचा घडी करून ठेवलेला साधा मुकटा, जाड्याभरड्या रेशमाचं सोवळं, तिने पेटीतून काढला, धुतला आणि सावलीत वाळत घातला. तो मुकटा ताटात ठेवून मी विहीणबाईंसमोर कसा उभा राहणार होतो, हाच हिशेब मी रात्रभर करत होतो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वऱ्हाड आलं. वाजंत्री वाजत होती, माणसं पाय धुवत होती. व्याही मला बाजूला, माझ्याच दुकानाच्या पडवीत, पोत्यांच्या आडोशाला घेऊन गेले. काखेतली गुंडाळी त्यांनी माझ्या हातात दिली. फडकं सोडायची गरज नव्हती. वजनावरूनच मला कळलं.

"हे तुमच्याच हातून जायला हवं," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"काल सकाळी कचेरीत जाण्याआधी मी घरातल्यांसाठी खण घ्यायला निघालो होतो. तुम्ही पायऱ्या उतरताना दिसलात. मी हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. घाईत असाल असं वाटलं. वर गेलो तर पीतांबर उघडाच पडलेला. दुकानदारांनी सांगितलं, आत्ताच उतरलेले गृहस्थ भावावरून सोडून गेले."

माझा हात कमरेच्या पैशांच्या पिशवीकडे गेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"इथे नको. माणसं बघताहेत."

"मग कधी?"

"बघू."

ते 'बघू' मला त्या रात्री दुकानदाराच्या थट्टेहून जड वाटलं. माणूस भला होता, यात शंका नाही. पण मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि न मागता मिळालेली वस्तू हातात घेऊन उभं राहायची मला सवय नव्हती. किती वेळा विचारलं, तरी त्यांनी शेवटपर्यंत आकडा सांगितला नाही. नात्यात ही एक गाठ राहून गेली. ती मी अजून सोडवू शकलेलो नाही.

पूजन झालं. मी पीतांबर नवऱ्या मुलाच्या ओंजळीत ठेवला. विहीणबाईंनी काठ बोटांत घेऊन पाहिला आणि मान हलवली. मांडवात कुजबुज पसरली. आमच्या बाजारातला एक भुसार व्यापारी, ज्याला माझी खरेदी चांगली ठाऊक, तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "वा! ठाण्याचा अस्सल! केवढ्याला पाडलात?"

सगळे माझ्याकडे वळले. व्याही समोरच सुपारी कातरत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"लग्नाच्या वस्तूचा भाव विचारू नये," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं म्हटल्यावर अख्खा मांडव हसला. माझा मेहुणा तर खांबाला धरून हसला. व्याह्यांचा अडकित्ता तेवढा क्षणभर थांबला, आणि पुन्हा कटकट चालू झाला.